कोंबडाचोर शि च्येन : १०८ वीरांमधला १०७वा



मागच्या खेपेला आपण चिनी विचारातल्या 'यी' या कल्पनेपाशी थांबलो होतो. 'यी' म्हणजे जे करणं उचित आहे ते; माणसानं माणसाशी ज्या रीतीनं वागायला हवं ती रीत. पंडितांच्या ग्रंथांत या शब्दाला एक अर्थ आहे, आणि रानावनात राहणाऱ्या बंडखोरांच्या तोंडी तोच शब्द आला की त्याला दुसरा अर्थ येतो : दिलेला शब्द पाळणं, साथीदाराला न सोडणं, पैशाचा मोह न धरणं. आज या कल्पनेची परीक्षा आपल्याला एका कोंबड्यावर घ्यायची आहे. हसू नका, कोंबडाच म्हणतोय आम्ही. त्या एका कोंबड्यापायी पुढे एक अख्खं गाव बुडालं.

आधी पुस्तकाची ओळख करून घेऊ. चिनी भाषेतल्या थोर अभिजात कादंबऱ्यांमध्ये 'श्वेइहू च्वान' ही एक. नावाचा अर्थ साधारण 'पाणथळीच्या काठची कथा' असा. इंग्रजी वाचणाऱ्यांना ती पर्ल बक यांच्या १९३३ सालच्या भाषांतरामुळे 'ऑल मेन आर ब्रदर्स' या नावानं ठाऊक असेल, किंवा सिडनी शापिरो यांच्या 'आउटलॉज ऑफ द मार्श' मुळे. कर्ता म्हणून परंपरा शि नायआन आणि लुओ क्वानचुंग यांची नावं घेते. त्यावर वाद आहेत, त्यात आज शिरत नाही. पण ही गोष्ट आधी कथेकऱ्यांच्या तोंडी आणि नाटकवाल्यांच्या मंचावर वाढली आणि मग ग्रंथात उतरली, एवढं ध्यानात ठेवा. काळ बाराव्या शतकाच्या आरंभीचा, सुंग घराण्यातल्या ह्वेइत्सुंग सम्राटाचा. दरबारात लाचखाऊ मंत्री, जिल्ह्याजिल्ह्यांत जुलमी अधिकारी. त्यांच्या त्रासानं घरदार सुटलेली माणसं शांतुंगमधल्या ल्यांगशानच्या दलदलीत जमतात. होता होता १०८ नायक होतात. त्यांचा म्होरक्या सुंग च्यांग. या नावाचा बंडखोर इतिहासात खरोखर होऊन गेला. कादंबरीनं त्याच्याभोवती हा सगळा पसारा मांडला.

या १०८ जणांत वाघ मारणारा वू सुंग आहे, झाड मुळासकट उपटणारा लू चशन आहे. त्यांच्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. आम्हाला आज बोलायचंय ते १०७व्या माणसाबद्दल. त्याचं नाव शि च्येन, टोपणनाव 'ढोलावरची पिसू'. ढोलाच्या कातड्यावर पिसू उड्या मारत असली तरी आवाज होतो का? नाही होत. तसा हा माणूस.

कादंबरी त्याची ओळख दोन ओळींत उरकते. मूळचा काओथांगचा. पोटासाठी फिरत फिरत चीचौला आला. धंदा : वळचणीवरून धावणं, भिंतींवर चढणं, कुंपणं ओलांडणं, घोडे लांबवणं. सरळ मराठीत सांगायचं तर भुरटा चोर. एकदा कोर्टकचेरीत अडकला होता, तेव्हा तिथल्या तुरुंगाचा अधिकारी यांग श्युंग यानं त्याला सोडवलं. बस्. आईबाप कोण, गुरू कोण, कुठल्या जुलमामुळे चोरीकडे वळला, काही नाही. बाकीच्या मोठ्या वीरांना प्रत्येकी पाच-पाच, दहा-दहा प्रकरणं मिळतात आणि आपण त्यांच्या रागाचं कारण समजून घेतो. शि च्येनला तसं कारणच दिलेलं नाही. हे मुद्दाम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तो पहिल्यांदा दिसतो तो ४६व्या प्रकरणात, एका डोंगरावर, जुनी थडगी उकरताना. त्याच डोंगरावर यांग श्युंग आणि त्याचा मानलेला भाऊ शि श्यू आलेले असतात. (या दोघांच्या नावातला 'शि' मराठीत सारखा दिसतो, चिनी लिपीत ती वेगवेगळी आडनावं आहेत. घोटाळा करू नका.) हे दोघे तिथे काय करतात? यांग श्युंगच्या बायकोचे एका भिक्षूशी संबंध होते. शि श्यूनं आधी तो भिक्षू आणि त्याचा एक साथीदार रात्रीच्या अंधारात मारला आहे. आता बायकोला डोंगरावर आणून, तिच्याकडून कबुली घेऊन, यांग श्युंग तिला आणि तिच्या दासीला ठार करतो. ते वर्णन इतकं क्रूर आहे की आम्ही ते इथे सांगणार नाही. मग दोघे म्हणतात, आता ल्यांगशानला जाऊ. आणि मागून आवाज येतो : "मलाही न्या." पाइनच्या झाडामागून शि च्येननं सगळं ऐकलेलं असतं.

तिघे निघतात. वाटेत चू घराण्याच्या गावाजवळ एका खानावळीत मुक्काम. दारू आहे, भात आहे, मांस मात्र संपलेलं. शि च्येन मागच्या अंगणात जातो आणि थोड्या वेळानं शिजवलेला कोंबडा घेऊन येतो. यांग श्युंग हसून म्हणतो, तुझे चोरीचे हात काही सुटत नाहीत बघ. तिघेही हसतात आणि तिघेही कोंबडा फाडून खातात. लेखकानं हे स्पष्ट लिहिलंय. चोरला एकानं, खाल्ला तिघांनी.

तो कोंबडा खानावळीत पहाटे आरवणारा कोंबडा होता, म्हणजे एका अर्थी त्या घराचं घड्याळच. पोऱ्या विचारायला येतो. शि च्येन म्हणतो, रानमांजरानं नेला असेल, मुंगसासारखं काही आलं असेल, घारीनं उचलला असेल. पोऱ्याला ते पटत नाही. शि श्यू म्हणतो, किती पैसे हवेत ते घे. पोऱ्या म्हणतो, पैसे नकोत, आमचा कोंबडा द्या. मग शब्दाला शब्द, हाणामारी, आणि शेवटी खानावळीला आग. आग कोण लावतो? शि श्यू. पळताना गावकऱ्यांच्या आकड्यांत कोण अडकतो? शि च्येन. बाकीचे दोघे निसटतात.

ते ल्यांगशानला पोचतात आणि झालेली हकिकत सांगतात. तेव्हाचा मुख्य नायक छाओ काय खवळतो. म्हणतो, आपल्या नावावर कोंबडा चोरून खाल्ला, सगळ्या वीरांची अब्रू घालवली, या दोघांची मुंडकी उडवा.

आता इथे थांबू. हा छाओ काय कोण? याच कादंबरीत काही प्रकरणं आधी, राजधानीतल्या महामंत्र्याच्या वाढदिवसाची भेट, एक लाख माळा नाण्यांच्या किमतीचा ऐवज, वाटेत गुंगीची दारू पाजून लुटणारा हाच तो गृहस्थ. ल्यांगशानचा तळ उभा राहिला तो त्या लुटीच्या पायावर. त्या लुटीला कादंबरी 'यी'साठी एकत्र येणं म्हणते. आणि कोंबडा मात्र अब्रूला डाग!

पण आपण घाईनं "ढोंगी" असा शिक्का मारू नये. छाओ कायच्या रागात एक विचार आहे. महामंत्र्याचा ऐवज जनतेला पिळून जमवलेला होता; तो लुटणं म्हणजे अन्यायाला उत्तर. कोंबडा खानावळीचा होता. तो चोरणं म्हणजे भूक, खोडी, सवय. ज्या लढ्याला स्वतःला दरोडेखोरीपासून वेगळं दाखवायचं असतं, त्याला असे कोंबडे फार महागात पडतात. हा मुद्दा खरा आहे. मग त्याची बाजू घेऊन आपण विचारू : याच कसोटीला यांग श्युंगची बायको आणि दासी का लागत नाहीत? मारलेली दासी कुठल्या अन्यायाला उत्तर होती? त्याबद्दल सभेत कोणी चकार शब्द काढत नाही. पेटवलेल्या खानावळीबद्दलही राग कोंबड्याइतका नाही.

सुंग च्यांग मध्ये पडतो. तो म्हणतो, यांचा दोष नाही, तो शि च्येनच तसल्या जातीचा माणूस. शिवाय चू गाववाले आपल्याला शिव्या देतात, आणि ते गाव घेतलं तर तीन-पाच वर्षांचं धान्य मिळेल. झालं. दोष सगळा तिथे हजर नसलेल्या माणसाच्या माथी गेला आणि मोहिमेला कारण मिळालं. तीन वेळा स्वारी होते, तिसऱ्यांदा गाव पडतं, चू घराणं संपतं, धान्य डोंगरावर येतं, आणि त्या गर्दीत शि च्येन सुटतो.

या तीन स्वाऱ्यांचं पुढे एक मजेदार भाग्य झालं. १९३७ साली माओ त्से तुंग यांनी अंतर्विरोधावर जो निबंध लिहिला, त्यात द्वंद्वात्मक विचाराचं उत्तम उदाहरण म्हणून या तीन स्वाऱ्या आल्या आहेत : पहिल्या दोन वेळा परिस्थिती नीट न अभ्यासता हल्ला केला म्हणून हार, तिसऱ्या वेळी वाटा शोधल्या, शत्रूची युती फोडली, आत माणसं पेरली म्हणून जीत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही तो निबंध वर्षानुवर्षं शिकवला. त्यात कोंबडा येत नाही, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आलं. सिद्धान्ताला तो लागत नाही. गोष्टीला मात्र लागतो.

आता ५६वं प्रकरण. हा शि च्येनच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस, किंवा रात्र म्हणा. सरकारी सेनापती साखळीनं जोडलेले चिलखती घोडे घेऊन ल्यांगशानवर आला आहे. त्यावर उतारा एकच, आकडी असलेले भाले. ते चालवण्याची विद्या राजधानीतल्या श्यू निंग या शाही रक्षकदलाच्या शिक्षकाकडे आहे. त्याला डोंगरावर आणायचं कसं? त्याच्याकडे वाडवडिलांपासून आलेलं एक चिलखत आहे, जिवापाड जपलेलं, कातडी पेटीत घालून निजायच्या खोलीत तुळईला टांगून ठेवलेलं. ते चोरलं तर मालक मागोमाग येईल. वू युंग हा ल्यांगशानचा बुद्धिमान सल्लागार. त्याची नजर शि च्येनकडे वळते.

लेखक इथे किती रमलाय ते पाहा. दिवसा शि च्येन शेजाऱ्यांकडून घराची माहिती काढतो. संध्याकाळी एका देवळामागच्या उंच झाडावर चढून बसतो. श्यू निंग घरी येतो, दारं लागतात, गस्तीचे ठोके पडतात. अंधार झाल्यावर भिंत ओलांडून आत. दासी काय करतात, मालकाचे कपडे कुठे ठेवतात, तो पहाटे किती वाजता निघणार, सगळं तो ऐकून घेतो. पोकळ बोरूच्या नळीनं लांबूनच फुंकर घालून दिवा विझवतो. पहाटे श्यू निंग कामावर जातो, घर पुन्हा पेंगतं, आणि हा तुळईवर. पेटी सोडवताना आवाज होतो. बाईसाहेब विचारतात, काय वाजलं? शि च्येन उंदरासारखा चिरकतो. दासी म्हणते, उंदीर भांडताहेत. मग तो उंदरांचं भांडण करून दाखवतो, आणि त्या आवाजाखाली पेटी सोडवून उतरतो.

संस्कृत नाटक माहीत असलेल्यांना इथे शर्विलक आठवला असेल. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला, आणि आपल्या देवलांच्या 'संगीत मृच्छकटिका'मुळे मराठी प्रेक्षकाच्या ओळखीचा. तोही भिंत फोडायला जातो, तोही दिवा विझवतो, त्यासाठी त्याच्याकडे खास किडा असतो. दोघांनाही आपल्या कामाचा अभिमान आहे. पण फरक मोठा आहे. शर्विलक ब्राह्मण आहे. भोकाचं माप तो जानव्यानं घेतो. प्रेमासाठी चोरी करतो, तिचं शास्त्र बोलतो, आणि नाटकाच्या शेवटी नव्या राजाच्या बाजूला मानानं उभा असतो. शि च्येनजवळ माप घ्यायला जानवं नाही आणि सांगायला प्रेमकथा नाही. त्याच्याजवळ फक्त काम आहे.

त्या चिलखताचं पुढे काय होतं, तेही ऐका. चिलखत दुसऱ्या एकाबरोबर लगेच डोंगरावर जातं. शि च्येन रिकामी पेटी खांद्यावर घेऊन ठरलेल्या वाटेनं चालतो, आणि श्यू निंगचा मामेभाऊ थांग लुंग, जो फितूर आहे, त्याला पेटीच्या मागावर ओढत नेतो. शेवटी गुंगीची दारू पाजून श्यू निंगला ल्यांगशानला पोचवतात. मग थांग लुंग तेच चिलखत घालून, श्यू निंगचं नाव सांगून, वाटेवर व्यापाऱ्यांना लुटतो. म्हणजे परतीचा रस्ता बंद. एका प्रामाणिक नोकरदाराचं आख्खं आयुष्यच चोरलं गेलं. बेत वू युंगचा, फितुरी भावाची, चोरीचा डाग शि च्येनचा.

६६व्या प्रकरणात पुन्हा तो. तामिंग शहरात लू च्युनयी हा धनाढ्य गृहस्थ आणि शि श्यू तुरुंगात आहेत. शहरात मोठी माडी आहे, शंभरावर दालनांची, खानपान आणि गाण्याबजावण्याची. दीपोत्सवाच्या रात्री, पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला, सगळं शहर दिवे बघायला बाहेर पडणार. माडीला आग लावायची, ती खूण समजून बाहेरचं सैन्य आणि आत लपलेली माणसं एकदम उठतील. हे काम शि च्येन आपण होऊन मागून घेतो. टोपलीत गंधक आणि सोरा, वरून सणाचे शोभेचे दागिने. ठरल्या वेळी आग लागते आणि शहर पडतं. सामान्य लोकांना मारू नका असा हुकूम निघेपर्यंत निम्म्या शहराची हानी झालेली असते, असं कादंबरीच सांगते. दिवे बघायला आलेली माणसं होती ती. वीरकथा वाचताना हे वाक्य सहज डोळ्यांखालून निघून जातं. ते निसटू देऊ नका.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. ७१व्या प्रकरणात १०८ जण पूर्ण होतात. होम चालू असताना आकाशातून एक दगड पडतो. त्यावर गूढ लिपीत सगळ्यांची नावं क्रमानं कोरलेली : ३६ स्वर्गीय तारे, ७२ पार्थिव तारे. एक ताओपंथी पुरोहित लिपी वाचतो. तो क्रम पाहा. डोंगरावरून खाली आलेले ते तिघे आठवा. बायको मारणारा यांग श्युंग ३२वा. भिक्षू मारणारा आणि खानावळ पेटवणारा शि श्यू ३३वा. दोघे स्वर्गीय तारे. शि च्येनच्या चोरीमुळे डोंगरावर आलेला श्यू निंग १८वा. शि च्येनच्या आगीमुळे सुटलेला लू च्युनयी दुसरा. आणि शि च्येन १०७वा. त्याच्या ताऱ्याचं नावच 'चोर तारा'. त्याच्या वर १०६वा पाय शंग, पूर्वी लुटीत मदत करून मारहाणीत छाओ कायचं नाव सांगून बसलेला. त्याच्या खाली १०८वा त्वान चिंगचू, घोडेचोर, 'श्वान तारा'. समाजाबाहेर पडलेल्यांच्या समाजातही शेवटची पंगत आहे, आणि ती चोरांची आहे.

असं का? आम्हाला तीन कारणं दिसतात.

पहिलं, रीत. या जगातला खरा मर्द उजेडात मारतो, आपलं नाव ओरडून सांगतो. वू सुंग तर सूड घेतल्यावर भिंतीवर स्वतःचं नाव लिहून जातो. शि च्येनची विद्याच न दिसण्याची. खुनापेक्षा लपणं इथे जास्त लाजिरवाणं ठरतं. नैतिक मोजपट्टी कृत्याची नाही, कृत्याच्या दिसण्याची आहे.

दुसरं, पार्श्वभूमी. मघाशी म्हटलं, शि च्येनला कारण दिलेलं नाही. अधिकारी, जमीनदार, सेनापती यांना बंडाकडे ढकललं गेलं, अशी कथा मिळते. गरिबाच्या चोरीला कथा लागत नाही, कारण ती त्याचा स्वभावच मानली जाते. सुंग च्यांगनं नेमकं तेच म्हटलं होतं.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं. हा क्रम माणसांनी ठरवला असता तर माणसांशी भांडता आलं असतं. पण तो आकाशातून पडला आहे, आणि लिपी वाचणारा एकच. सभा म्हणते, देवाचीच इच्छा, आता कोणी कुरकुर करू नका. ज्या उतरंडीचा जाब कोणी विचारू नये असं वाटतं, ती दगडावर कोरून वरून पाडावी लागते. हे चीनपुरतं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

याच्या विरुद्ध बाजूनं बोलणारे चीनमध्येच होते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या च्वांगत्झच्या नावावर असलेल्या ग्रंथात असा विचार येतो, की क्षुल्लक वस्तू चोरणाऱ्याचं डोकं उडतं आणि राज्य चोरणारा राजा होऊन नीतीची प्रवचनं ऐकवतो. तिथेच एका दरोडेखोराला विचारलंय की चोरांनाही धर्म असतो का. तो म्हणतो, का नसेल? घरात धन कुठे आहे हे ओळखणं म्हणजे ज्ञान. आधी आत शिरणं म्हणजे शौर्य. शेवटी बाहेर पडणं म्हणजे 'यी'. वेळ ओळखणं म्हणजे शहाणपण. सारखी वाटणी करणं म्हणजे करुणा. उपहास आहे हा, पण शि च्येनला लावून बघा. आधी आत तोच शिरतो. कोंबड्याच्या रात्री मागे राहिला तोही तोच. वाटणीत मात्र त्याला १०७वी जागा.

दुसरा आवाज चिन शंगथान या टीकाकाराचा. सतराव्या शतकात यानं कादंबरी कापून ७० प्रकरणांची केली आणि ओळीओळीवर भाष्य लिहिलं. पात्रांना यानं परीक्षेत देतात तशा श्रेणी दिल्या. सर्वांत खालच्या श्रेणीत त्यानं दोघांना एकत्र बसवलं. एक शि च्येन. दुसरा सुंग च्यांग! म्हणजे १०७वा आणि पहिला एकाच बाकावर. चिन शंगथानला सुंग च्यांगचा फार तिटकारा; तो मनं चोरतो, निष्ठा चोरतो, आणि ते गोड बोलून झाकतो, असं त्याचं मत. चिन शंगथाननं शि च्येनला न्याय दिला असं म्हणता येणार नाही. त्यानं शि च्येनचं नाव शिवीसारखं वापरलं. पण दगडावरचा क्रम हलवता येतो, एवढं तरी दाखवलं. पुढे १६६१ साली सूचौमध्ये सरकारविरुद्धच्या एका निदर्शनात सामील झाल्याबद्दल त्याचं स्वतःचंच डोकं उडवण्यात आलं.

आता शेवट. सुंग च्यांग सम्राटाला शरण जातो, आणि सगळे सरकारी सैन्य बनून फांग ला या दुसऱ्या बंडखोराशी लढायला दक्षिणेत जातात. तिथे एकेक वीर मरतो. एका घाटात बाणांच्या वर्षावात सहा जण पडतात, त्यात शि श्यूही आहे. तो घाट उघडतो कोण? एका वृद्ध भिक्षूला आडवाट विचारून रात्री एकटा कडा चढून जाणारा आणि मागून आग लावणारा शि च्येन. मोहीम संपते. परतताना हांगचौला तो पोटात मुरडा येऊन मरतो. मूळ ग्रंथात त्याच वाक्यात लिन छुंगला लकवा होतो, यांग श्युंग पाठीच्या गळवानं मरतो, आणि मग शि च्येन. त्याच्या वाट्याला अर्धं वाक्य. पण बघा, ज्यानं त्याला तुरुंगातून सोडवलं होतं, त्या यांग श्युंगच्या शेजारी ते अर्धं वाक्य आहे. मुद्दाम की योगायोगानं, ते लेखक जाणे.

लोकांनी मात्र त्याला सोडलं नाही. चिनी रंगभूमीवर कोंबड्याची चोरी आणि चिलखताची चोरी हे दोन्ही प्रवेश कसरती करणाऱ्या विदूषकाच्या भूमिकेत आजही होतात. आणि लोकपरंपरेत तो चोरांचा देव झाला. दगडानं जागा दिली नाही, ती चोरांनी दिली.

आता एक घरगुती गोष्ट सांगून थांबतो. आम्ही प्रबंध लिहिला तेव्हा संगणक नव्हते. चारशेच्या वर पानं एका टंकलेखकानं त्याच्या दीड खोलीच्या घरात रात्री जागून टंकलिखित केली. संस्कृत उताऱ्यांची चिन्हं त्यानं हातानं, शाईनं, एकेक करून घातली. दोन ठिकाणी आमचा संदर्भ चुकला होता, तो त्यानं दाखवला. एका जागी तर एकाच परिच्छेदात आम्ही आधी एक आणि मग त्याच्या उलट विधान केलं होतं, तेही त्यानंच संकोचत विचारलं, "सर, हे असंच हवंय का?" ऋणनिर्देशात आम्ही मार्गदर्शक, प्राचार्य, ग्रंथपाल, घरची मंडळी, सगळ्यांची नावं घातली. शेवटच्या ओळीत लिहिलं : सुबक टंकलेखन करणाऱ्यांचेही आभार. नाव नाही. ती ओळही त्यालाच टंकलिखित करायला दिली होती. त्यानं ती बिनचूक केली.

त्या वेळी आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. क्रम तसाच असतो, असं वाटलं. कोणी ठरवला, हे विचारावंसंही वाटलं नाही. शि च्येन वाचताना पुष्कळ वर्षांनी ती ओळ आठवली. तोवर त्याचा पत्ता राहिला नव्हता.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, मग शि च्येनला नायक म्हणायचं का? चोर तर तो होताच. प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं : नायक म्हणायची गरज नाही. तामिंगच्या आगीत मेलेली माणसं त्याच्या खात्यातून पुसता येणार नाहीत, आणि श्यू निंगचं घरही. पण मोजायचंच असेल तर सगळ्यांना एकाच तराजूत मोजा. कोंबड्याला एक वजन आणि दासीच्या जिवाला दुसरं, असं चालणार नाही. 'यी' या शब्दाला काही अर्थ असेल तर तो इथून सुरू होतो.

पुढच्या वेळी सुंग च्यांगकडे वळू, तो खरोखर चिन शंगथाननं म्हटला तितका वाईट आहे का, ते पाहू. तोवर जमलं तर ५६वं प्रकरण वाचून या. नमस्कार.